सत्तावन्न नंबरची काळजी

काळजी करण्याचं कंत्राट सरकारनं कधी काढलंच, तर बीड जिल्ह्यातून दुसऱ्या कुणी निविदा भरण्यात काही अर्थ नाही. ते आमच्या धाकट्या साडूंनाच मिळणार. आभाळ भरून आलं की पाऊस जास्त होईल याची, आणि भरून आलं नाही की होणारच नाही याची काळजी आपण सगळेच करतो. आमचे साडू या दोन्ही काळज्या एकाच वेळी करतात. मी गावाहून सुखरूप पोचलो का हे विचारायला त्यांचा फोन मी निघण्याआधी येतो. एसटीत बसले की गाडी सुटायच्या बेतात असताना ते खाली उतरून पाटी पुन्हा वाचतात, आणि परत वर येईपर्यंत त्यांच्या जागेवर कुणीतरी टोपी ठेवून बसलेला असतो. मग परळीपर्यंत उभं राहायचं, पण गाडी परळीचीच आहे याचं समाधान. त्यांच्या घराच्या कुलपाच्या तीन किल्ल्या आहेत. एक बायकोकडे, एक माझ्या दुकानात, एक सासूबाईंकडे. किल्ली हरवण्याची काळजी त्यामुळे मिटली. पण तीन घरांत किल्ल्या आहेत म्हणजे कुणीही आत शिरू शकेल ही नवी काळजी लागली, म्हणून त्यांनी दुसरं कुलूप आणलं. त्याला किल्ली एकच होती. ती हरवली.

माझं बीडमध्ये औषधांचं दुकान आहे आणि वर घर. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. सासूबाई दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात आणि दोन्ही जावयांवर सारखंच लक्ष ठेवतात. धाकटी मेव्हणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, म्हणजे एका घराला एक कायमची नोकरी लागते ती तिनं मिळवून ठेवलेली. साडू मात्र शास्त्रज्ञ. परळीच्या कोळशाच्या वीज केंद्राजवळच्या खेड्यातले. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो अशा अंगणात ते वाढले, आणि त्या राखेचाच अभ्यास करत करत पुण्यात पीएच.डी. झाले. त्यानंतर दोन वर्षं जर्मनीत आणि तीन वर्षं बंगलोरला त्यांनी पोस्टडॉक नावाचं काहीतरी केलं. हे काय असतं ते सासूबाईंना समजावून सांगण्यात एक अख्खा रविवार गेला. शिक्षण संपलेलं असतं पण नोकरी लागलेली नसते, शिष्यवृत्ती मिळते पण ती ठरावीक मुदतीची, काम साहेबाच्या बरोबरीचं पण टेबल उसनं, असं सगळं साडूंनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी रिपीटर म्हना की." आमच्या गावात क्लासच्या पाट्या झाडांपेक्षा जास्त असल्यामुळे रिपीटर म्हणजे तीच परीक्षा पुन्हा देणारा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साडू म्हणाले, "तसं म्हणता येईल."

हे "तसं म्हणता येईल" म्हणजे त्यांचा होकार. यापुढे ते जात नाहीत. सरळ "हो" म्हणणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही. "जेवलात का?" असं विचारलं तरी "तसं म्हणता येईल," म्हणतात, आणि माझ्या बायकोला त्यांना आणखी एक भाकरी वाढावी की पान उचलावं हे कळत नाही. एकदा आमच्या ओळखीच्या एकांनी मुलीसाठी स्थळ पाहिलं. मुलगा साडूंच्या माहितीतला निघाला, तेव्हा मोठ्या आशेनं त्यांनी विचारलं, "पोरगं चांगलं हाय ना?" साडूंनी बराच विचार केला. मुलाला ते लहानपणापासून ओळखत होते, मुलगा खरोखर सोन्यासारखा होता. ते म्हणाले, "उपलब्ध माहितीवरून वाईट म्हणता येणार नाही." स्थळ मोडलं. मी नंतर त्यांना चांगलंच झापलं, तर ते गोंधळून म्हणाले, "पण दादा, मी तर बाजूनंच बोललो की."

दुसरी खोड तुलनेची. कुठलीही गोष्ट ते नुसती चाखत नाहीत, दुसऱ्या कशाशी तरी लावून चाखतात. माझ्या बायकोनं येसर, म्हणजे आमच्याकडची मसाल्याची आमटी, नव्या पद्धतीनं केला आणि कसा झालाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ताई, जुन्या पद्धतीचा एक वाटीभर आहे का? त्याशिवाय कसं सांगणार?" नव्हता. मग त्यांनी मत दिलं नाही, आणि बायकोनं त्यांना पुढचे कित्येक दिवस येसर दिला नाही. तिसरी खोड जरा पवित्र स्वरूपाची आहे. त्यांचे जिवाणू एका नळीतून दुसऱ्या नळीत हलवायचे तर वारा नसलेली, धूळ नसलेली, ज्योत पेटलेली जागा लागते. बंगलोरला त्यासाठी काचेचं कपाट होतं. इथं अशी जागा साऱ्या खानदानात एकच, ती म्हणजे सासूबाईंचं देवघर. साडू अंघोळ करून आत जात, पंखा बंद, दार बंद, समईपाशी स्पिरिटचा दिवा, आणि तास-दीड तास आवाज नाही. सासूबाई बाहेरच्या ओसरीवर शेजारणींना खुणेनं गप्प करायच्या. "आमचे धाकले जावई लई धार्मिक हायेत. थोरल्याला हात जोडायला सवड न्हाई." थोरला म्हणजे मी.

आता त्या नळ्यांत काय होतं ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात तेवढी काळजी कुणा माणसाचीही कधी झाली नाही. परळीकडे राखेच्या ढिगाऱ्याशेजारी तुरीची झाडं पिवळी पडून मरत होती. साडूंनी ती एकेक करून उपटली आणि त्यांची मुळं पाहिली. त्यात सत्तावन्नाव्या नंबरचं झाड हिरवंगार निघालं. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात आणि ते झाडाला हवेतलं नत्र खायला घालतात, हे आपल्याकडे बीजप्रक्रिया करणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. पण या झाडाच्या गाठीतला जिवाणू राखेतही तग धरून होता. त्याचं नाव पडलं सत्तावन्न. पुढची पाच वर्षं साडूंनी याच सत्तावन्नची सेवा केली. राखेखाली गेलेल्या जमिनीत पुन्हा तूर उभी राहील, हे त्यांचं म्हणणं. अर्थात ते "उभी राहण्याची शक्यता नाकारता येत नाही" असं म्हणत. सासूबाईंनी सत्तावन्नला पोरगी ठरवून टाकलं. "पोरगी बरी हाय का?" असं त्या विचारायच्या आणि साडू गंभीरपणे तिची तब्येत सांगायचे.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा साडू आपल्या नळ्या घेऊन बीडला आले. बंगलोरचे त्यांचे सर निवृत्त झाले होते, तिथला बर्फाचा मोठा फ्रीज नव्या माणसानं आपल्या सामानासाठी रिकामा करून घेतला होता. असे जिवाणू कायमचे सांभाळणाऱ्या सरकारी पेढ्या असतात म्हणे. मी म्हटलं, मग ठेवा की तिथं. तर म्हणाले, "दादा, त्यांच्या अर्जात पहिल्याच ओळीत संस्थेचं नाव विचारतात. मी काय लिहू?" या माणसाचं जर्मनीत नाव छापून आलं होतं आणि बीडमध्ये त्याला स्वतःच्या नावापुढे लिहायला चार शब्द नव्हते. मी त्यांना चहा मागवला.

"एकाच जागी ठेवलेली वस्तू हरवलेलीच समजायची," हा त्यांचा मंत्र. म्हणून सत्तावन्न नातेवाइकांत वाटली गेली. काही नळ्या त्यांच्या फ्रीजमध्ये, काही माझ्या घरच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे, आणि कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळून केलेला एक पुडा सासूबाईंच्या फ्रीजमध्ये, वर "लई महत्त्वाची माती हाय, जपा," अशी तोंडी ताकीद. त्यांचा डोळा खरा माझ्या दुकानातल्या फ्रीजवर होता. तिथं इन्सुलिन असतं, लशी असतात, आणि त्याला इन्व्हर्टर जोडलेला आहे. लाइट गेली की गावातले सगळे फ्रीज गार होणं सोडून देतात आणि माझा एकटा गुणगुणत राहतो. ते दुकानात यायचे आणि त्या फ्रीजकडे अशा नजरेनं पाहायचे की गिऱ्हाइकांना वाटावं यांना साखरेचा आजार आहे. मी सांगायचो, "डॉक्टर, औषधांच्या फ्रीजमध्ये औषधंच राहतील. माझं लायसन जाईल." ते म्हणायचे, "बरोबर आहे, दादा," आणि तिथंच उभे राहायचे. लाइट दोन-चार तास गेली की मोटारसायकलवर बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्या घरून माझ्याकडे, माझ्याकडून सासूबाईंकडे अशी त्यांची फेरी सुरू. नारळपाणीवाला, पंक्चरवाला, सगळ्यांना माहीत झालं होतं. "लाइट गेली बे, शास्त्रज्ञ निघाले बघ," असं म्हणून ते आपापली मेणबत्ती शोधायला लागायचे.

पण सत्तावन्न मरण्यापेक्षाही एका गोष्टीची त्यांना भीती वाटायची, ती म्हणजे "सध्या काय करता?" या प्रश्नाची. न्हाव्याचं दुकान टाळण्यासाठी ते केस वाढवत. लग्नात मांडवात न बसता आचाऱ्यापाशी जाऊन उभे राहत, कारण आचारी फक्त मीठ चाखायला सांगतो. तरी कुणीतरी गाठतंच. "मग, पर्मनंट झालात का न्हाई?" आमच्याकडे माणूस जिवंत आहे का यापेक्षा तो पर्मनंट आहे का, याची चौकशी जास्त होते. साडूंनी प्रयत्न काय कमी केले? एका पुढाऱ्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवलं, तासिका बंद झाल्या. एका बियाण्याच्या कंपनीनं विक्रीचा अनुभव विचारला. एका क्लासचे मालक तर स्वतः घरी आले आणि "जर्मनी रिटर्न" असा फलक लावू म्हणाले. साडूंनी एक तास शिकवून दाखवला. पोरांनी शेवटी विचारलं, "सर, उत्तर अ का ब?" साडू म्हणाले, "आजच्या घडीला दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत." मालकांनी त्यांना मानाचा नारळ दिला आणि रिक्षाही करून दिली.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्या दिवसांत हसू फारसं येत नव्हतं. सरकारी संस्थांना वयाची अट असते आणि साडूंचं ते वय पुढच्या उन्हाळ्यात ओलांडणार होतं. मेव्हणी शाळेतून आली की नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि आज विचारायचं नाही असं ठरवून स्वयंपाकाला लागायची. साडू बारीक होत चालले होते. बोलता बोलता मध्येच थांबत. एकदा दुकानात गिऱ्हाईक नसताना मला म्हणाले, "दादा, मला दुसरं काही येत नाही हो. शिकायला हवं होतं."

आणि दसरा होऊन कोजागिरी आली, त्या सुमारास दक्षिणेकडच्या एका संस्थेचा निरोप आला. राखेनं खराब झालेल्या जमिनींवर त्यांना काम सुरू करायचं होतं. सत्तावन्नबद्दल त्यांनी वाचलं होतं. दिवाळीनंतर मुलाखतीला या, आणि येताना जिवाणू जिवंत घेऊन या. जिवाणू असेल तर जागा आहे, असं त्यांनी स्पष्टच लिहिलं होतं. साडूंनी तो निरोप मला तीन वेळा वाचायला लावला, मी काही वेगळं वाचतोय का ते बघायला. मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. सत्तावन्नच्या ताज्या, टवटवीत नळ्या तयार करायच्या म्हणून सगळ्या घरांतल्या जुन्या नळ्या एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकघरात गोळा केल्या.

ताज्या नळ्यांसाठी आधी खाऊ शिजवावा लागतो. साखरेसारखं काहीतरी, चायना ग्रास, पाणी असं नळ्यांत भरायचं आणि कुकरला लावून निर्जंतुक करायचं. नळ्या उभ्या राहाव्यात म्हणून ते इडलीपात्रासारख्या स्टीलच्या दोन डब्यांत ठेवत. एका डब्यात नवा खाऊ, दुसऱ्यात सत्तावन्न. तेवढ्यात संस्थेचा फोन आला, प्रवासाची तारीख विचारायला. साडू फोनवर "हो सर" म्हणण्याऐवजी "यायला हरकत दिसत नाही सर" असं काहीतरी म्हणत होते, घाम पुसत होते, आणि बोलता बोलताच एक डबा उचलून त्यांनी कुकरमध्ये ठेवला, झाकण लावलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. वाफ जिरली. झाकण काढलं तेव्हा ओट्यावर नवा खाऊ कच्चाच उभा होता, आणि कुकरमध्ये त्यांची पाच वर्षं शिजली होती.

मेव्हणीचा फोन आला तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, "दादा, या, लवकर या." मला वाटलं माणूस गेला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून धावलो. साडू फरशीवर बसले होते, मांडीवर तो डबा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मरतात, दादा. यात काही शंका नाही." शंका नसलेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य मी ऐकलं, आणि मला तेच जास्त लागलं.

थोड्या वेळानं त्यांना एकदम आठवलं. सासूबाईंकडचा पुडा! आम्ही दोघं तसेच मोटारसायकलवर. सासूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. साडूंनी सरळ जाऊन फ्रीज उघडला. ताक, मेथी, मिरच्या. पुडा नाही.

"आई, ती माती?"

"कंची माती?"

"ती काळी. मी जपा म्हणालो होतो ती."

"ती व्हय," सासूबाई शेंग फोडत म्हणाल्या, "ती घटाला घातली की."

साडू उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, "अहो, फ्रीजमधली माती कुणी घटाला घालतं का?"

"कावून न्हाई घालायची? तुमीच म्हनलात ना जावईबापू, लई महत्त्वाची हाय, जपा. मंग देवापरीस महत्त्वाचं काय असतंय? चाळायची सुदिक गरज न्हाई, असली बारीक माती. मी तर समद्यांना सांगितलं, जावयानं घटासाठी माती आनून फ्रीजात ठिवली. एवढी हौस कुनाला असती?"

साडूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाहून मात्र सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हळूच सांगितलं की पोरगी गेली, सगळीकडची गेली, आणि नोकरी तिच्यावर होती. म्हातारीनं शेंगांची टोपली बाजूला सारली. घट विसर्जनाला नदीवर नेला तेव्हा माती पाण्यात गेली का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "न्हाई. देवाची माती नदीत कावून घालवायची? गच्चीवर डब्यात टाकली. धान उगवून आलंय, हिरवं दिसतंय म्हनून ठिवलंय."

साडू जिना कसे चढले ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा ते गुडघ्यावर बसून तेलाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्याकडे बघत होते. घटातले गहू-ज्वारी वाळून गेले होते. मूग आणि तुरीची चार-सहा रोपं मात्र ताठ उभी होती. मूग आणि तूर, दोन्ही शेंगवर्गातली. साडूंनी मला हळू आवाजात समजावलं की माती ओली होती, बी तिच्यातच रुजलं, मुळं तिच्यातूनच गेली, तेव्हा सत्तावन्न मुळांत शिरलेली असण्याची... "शक्यता नाकारता येत नाही," मी वाक्य पुरं केलं.

पण रोपं लहान होती. आत्ताच उपटली आणि गाठी धरलेल्या नसल्या तर सगळंच गेलं. उशीर केला तर मुलाखत. मग सुरू झालं ते डब्याचं राखणं. मी माझ्या बहिणीच्या बाळंतपणातसुद्धा एवढ्या येरझारा घातल्या नव्हत्या. साडू सकाळी शेजारच्या शेळ्यांपासून, दुपारी उन्हापासून आणि दिवसभर सासूबाईंपासून डबा राखत, कारण त्या पश्चात्तापानं सारखं पाणी घालायला बघत होत्या. मी दुकानातून जाता-येता वर चक्कर मारायचो. गिऱ्हाइकानं खोकल्याचं औषध मागितलं की माझ्या डोळ्यांसमोर तुरीचं रोप यायचं. साडूंच्या सहवासात राहून काळजी करण्याची खोड मलाही लागली होती. जेवताना घास तोंडाशी नेऊन मी थांबायचो.

धनत्रयोदशीच्या सकाळी त्यांनी डब्यातली माती पाण्यानं सैल केली आणि एक तुरीचं रोप अलगद उचललं. मुळावर गाठी होत्या. राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, पण होत्या. एक चिरली, तर आत गुलाबी, म्हणजे गाठ जिवंत. मी ओरडलोच, "झालं की!" साडूंनी मान हलवली. डब्यात आधीची जुनी माती होती, तिच्यातही कुणी साधे जिवाणू असतील. या गाठी त्यांच्याही असू शकतात. तुलनेसाठी वाटी लागणार होती, येसराचीच गत. सत्तावन्न ओळखायची खूण एकच, ती राखेच्या पाण्यावर वाढते आणि बाकीचे वाढत नाहीत. तेव्हा साडू पुन्हा देवघरात शिरले. दिवाळीची आरास एका बाजूला सारून त्यांनी गाठी फोडल्या, राखेचं पाणी घातलेला खाऊ थिजवलेल्या काचेच्या बश्यांवर रेघा ओढल्या आणि बश्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सत्तावन्न सावकाश वाढणारी. लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा गेला. बश्या कोऱ्या होत्या. साडूंनी करंजी हातात घेऊन खाली ठेवली. मेव्हणीनं त्यांची बॅग भरली आणि परत रिकामी केली. भाऊबीजेला माझा मेव्हणा, सासूबाईंचा बाहेरगावी असलेला मुलगा, फटाके घेऊन आला, तर सासूबाईंनी त्याला हाकलून दिलं. "पोरीला तरास हुईल."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे देवघराबाहेर उभे होतो. साडू बशी उजेडाकडे धरून बघत होते, तिरकी करत होते, भिंग लावत होते, भिंग पुसत होते. मला रेघेवर दवाच्या थेंबांसारखं काहीतरी बारीक दिसल्यासारखं वाटलं, पण माझी बोलायची छाती नव्हती. मेव्हणीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. शेवटी सासूबाईंना राहवलं नाही.

"जावईबापू, ते तुमचं शक्यता-बिक्यता बाजूला ठिवा. पोरगी हाय का न्हाई, येवढंच सांगा."

साडूंनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघतोय, पण तसा कधी पाहिला नव्हता.

"हाय," ते म्हणाले.

सासूबाईंनी आधी बशीला हळदकुंकू लावायला हात पुढे केला, तो साडूंनी वरच्या वर धरला. आणि मग तो हात तसाच धरून ते रडले. मीही रडलो.

जागा त्यांना मिळाली. तीन वर्षांची, पुढचं काम बघून ठरणार. मेव्हणीला शाळा सोडता येत नव्हती, म्हणून ते एकटेच गेले. त्यांना पोचवायला आम्ही परळीच्या स्टेशनात गेलो होतो. सत्तावन्नच्या काही नळ्या त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, काही मेव्हणीकडे, काही माझ्याकडे. गाडी हीच ना, असं त्यांनी मला विचारलं, मग हमालाला विचारलं, मग पाटी वाचायला खाली उतरले. जागा यावेळी आरक्षित होती म्हणून वाचली. गाडी हलायच्या आधी खिडकीतून माझा हात धरून म्हणाले, "दादा, जमेल का हो मला?" मी म्हटलं, "जमेल." त्यांना ते फारच ठाम वाटलं असावं. गाडी नजरेआड होईपर्यंत ते माझ्याकडे संशयानं बघत होते.

आता दुसरं वर्षही संपत आलंय. त्यांचा फोन रोज येतो, "दादा, सत्तावन्न कशी आहे?" माझी चौकशी शेवटी, वेळ उरला तर. दुकानाच्या फ्रीजमध्ये मी औषधांशिवाय काही ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. पण दुकानाच्या इन्व्हर्टरची एक वायर जिन्यावरून वर नेऊन घरच्या फ्रीजला जोडून घेतली आहे. वायरमननं विचारलं, एवढं काय ठेवलंय फ्रीजात? मी म्हटलं, लोणचं. सासूबाईंनी यंदाच्या घटालाही "तसलीच माती" मागितली आणि साडूंनी ती खरोखर पाठवली. नवरात्रात डबा गच्चीवर असतो, शेळ्यांपासून राखायला आता मी जातो.

दुकानात लोक विचारतात, "काय, साडू पर्मनंट झाले का न्हाई?" मी म्हणतो, "अजून तसं म्हणता येणार नाही." परवा हेच बोलत असताना लाइट गेली. गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्या तशाच ठेवून मी जिना चढलो, अंधारात फ्रीजवर हात ठेवला. आतून तो गुणगुणत होता. दार उघडलं नाही, गारवा निघून जातो. तसाच हात ठेवून लाइट येईपर्यंत उभा राहिलो.